तसबिरीतल्या बाईची कैफियत

दिवाळी अंक घरात आला की तो आधी वाचला जात नाही, पाहिला जातो. आणि पाहण्यासारखे जे असते ते बहुधा मुखपृष्ठावरच असते. हाती पणती, अंगावर भरजरी शालू, पापण्या किंचित खाली आणि ओठांवर हसू आहे की नाही याचा पत्ता लागू नये इतपतच हसू! काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, त्याला आता शंभरावर वर्षे लोटली. दीनानाथ दलालांसारख्या कसबी चित्रकाराने मुखपृष्ठावरच्या या बाईला असे रूप दिले की आमच्या घरी माझ्या आईने ते पान कापून, काच लावून देवघराशेजारी टांगले होते. मी त्या चित्रांची वैरीण नाही. माझी तक्रार एवढीच, की ती बाई बोलत नाही.

आता पान उलटा. आत विनोदी कथेत तीच बाई पुन्हा भेटते. पण एव्हाना तिचे लग्न झालेले असते, अंग सुटलेले असते, हातात लाटणे आलेले असते आणि तिचा नवरा गरीब बिचारा झालेला असतो. बाहेर तिने बोलायचे नाही, आणि आत जे बोलायचे ते ती स्वतःच हास्यास्पद ठरावी म्हणून दुसऱ्या कोणी लिहून दिलेले! मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या 'आवाज'च्या खिडक्या तर जगजाहीर आहेत. खिडकी बंद असेतो चित्र चावट वाटते, उघडली की निरागस निघते, आणि फसलेला वाचक स्वतःवरच खूश होतो. गंमत आहे, मान्य. पण त्या खिडकीत बसवलेल्या बाईला हसू आले का, हे कोणी कधी विचारले आहे?

वाचकहो, सणासुदीच्या दिवसांत भांडण उकरून काढू नये हे मला कळते. तरीही आज मी भांडणार आहे. आपल्या समाजाला सुंदर बाई चालते. रागावलेली बाईदेखील हल्ली चालू लागली आहे; तिला आपण 'रणरागिणी' म्हणून हारतुरे घालतो. पण आपल्या अकलेने दुसऱ्याला हसवणारी बाई आपल्याला अजून पचलेली नाही. हे मी मोघम बोलत नाही. प्रिया तेंडुलकर या अभिनेत्रीचे काय झाले, ते पाहा.

तिचे नाव काढले की पन्नाशी ओलांडलेले सारे गृहस्थ एका सुरात म्हणतात, "रजनी!" आणि लगेच सुस्कारा टाकून पुढे म्हणतात, "पुढे मात्र ती कुठल्याशा विनोदी मालिकेत गेली. भिंतीवरच्या फोटोत बसायची. वाईट वाटायचे हो!" हे मी मुंबईच्या दिवाणखान्यात ऐकले आहे आणि वडीगोद्रीच्या फाट्यावर चहाच्या टपरीतही ऐकले आहे. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता जिथे धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो, तिथे आमचे गाव आहे. त्यामुळे साऱ्या मराठवाड्याची मते चहा प्यायला तिथे थांबतात! मते वेगवेगळ्या दिशांनी येतात, पण या बाबतीत सगळ्यांचे एकमत. मला मात्र अगदी उलट वाटते. फोटोच्या चौकटीत बसून तिने जे केले ते 'रजनी'हून अवघड होते, आणि माझ्या मते 'रजनी'हून मोठेही होते.

आधी तिचा प्रवास पाहू. १९५४ साली जन्मलेली ही मुलगी विजय तेंडुलकरांची. ज्यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ने आणि 'सखाराम बाइंडर'ने मराठी प्रेक्षकाची झोप उडवली, त्यांच्या घरातली. वाटले असते तर बापाच्या नावाची शिडी लावून ती सरळ रंगभूमीवर चढली असती. तिने तसे केले नाही. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेचे काम केले, विमानात हवाई सुंदरी झाली, जाहिरातींसाठी मॉडेलिंग केले, दूरदर्शनवर बातम्या वाचल्या. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये १९७४ साली अनंत नागच्या बायकोची छोटीशी भूमिका केली. पुढे 'थोरली जाऊ', 'माहेरची माणसे' अशा मराठी चित्रपटांतून ती दिसली. आणि या सगळ्याच्या आधी, गिरीश कार्नाडांच्या 'हयवदन'मध्ये तिने काम केले होते ते बाहुलीचे! त्या नाटकातल्या बाहुल्या नुसत्या शोभेच्या नाहीत. त्या बोलतात, आणि घरातल्या माणसांविषयी जे कोणी बोलू नये तेच बोलतात. पुढच्या आयुष्याची नांदी म्हणावी असेच ते काम होते.

या यादीतल्या मॉडेलिंग या शब्दापाशी आपले सभ्य लोक हमखास नाक मुरडतात. "मॉडेल म्हणजे काय, चेहरा विकणे!" असे म्हणताना त्यांना आठवत नाही, की ज्या गृहिणीची उदबत्ती आणि जिचा साबण ते घरी आणतात, ती त्यांना वेष्टनावर भेटलेली असते. त्यांचा व्यापार तिच्या चेहऱ्यावर चालतो, आणि चेहरा विकला म्हणून दोष मात्र तिला! शिवाय हे काम म्हणजे नुसते नटून उभे राहणे, हा समजही खोटा आहे. तापलेल्या दिव्यांखाली तासन् तास उभे राहायचे. पाठीमागे टाचण्यांनी आवळलेला कपडा पुढून अंगाबरोबर बेतला आहे असे भासवायचे. दिवा कुठे आहे हे त्याच्याकडे न पाहता ओळखायचे. भुवई किती उचलली की अर्थ बदलतो हे आरशाशिवाय जाणायचे. आणि हे सारे करून पुन्हा काहीच केले नाही असे दाखवायचे. आपला चेहरा हे हत्यार आहे आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी हाती आहे, हे मॉडेलला पहिल्या दिवशीच कळते. ते हत्यार आपल्या हाती परत घेता येते, हे मात्र फार थोड्यांना कळते.

अमेरिकेत हे एका बाईला कळले होते. तिचे नाव लूसिल बॉल. १९११ साली जन्मलेली ही पोर न्यूयॉर्कात हॅटी कार्नेगी नावाच्या वेषकर्तीकडे मॉडेल होती. पुढे हॉलिवुडात गेली आणि वर्षानुवर्षे बारीकसारीक भूमिका करत राहिली. चेहरा देखणा होता. शेवटी १९५१ साली 'आय लव्ह लूसी' ही मालिका टेलिव्हिजनवर आली, आणि त्या देखण्या चेहऱ्याचे तिने स्वतःच काय वाटोळे केले ते साऱ्या देशाने पाहिले! चॉकलेटच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटे भराभर येताहेत, वेष्टने गुंडाळता गुंडाळता हात पुरत नाहीत, म्हणून ती चॉकलेटे तोंडात कोंबते, टोपीत लपवते, झग्यात टाकते. हा प्रसंग आजही पोट धरून हसवतो. मालिकेतल्या लूसीला मूल होते तो भाग १९ जानेवारी १९५३ रोजी दाखवला गेला, आणि त्याच दिवशी लूसिल बॉल खरोखरच बाळंत झाली. पुढे तिने नवऱ्याचा वाटा विकत घेतला आणि अख्ख्या स्टुडिओची ती मालकीण झाली. त्या देशात कोणी म्हणाले नाही, की बिचारी घसरली.

आपल्याकडेही १९७९ सालची 'मिस इंडिया' स्वरूप संपत हिने १९८४ साली 'ये जो है ज़िंदगी'त शफी इनामदारांच्या बरोबरीने घरोघर हशा पिकवला. आपल्या सई परांजपे यांनी तर 'चश्मे बद्दूर' आणि 'कथा' हे चित्रपट करून विनोदाची सूत्रे बाईच्या हाती किती शोभतात हे केव्हाच दाखवून दिले होते. तेव्हा हे आपल्या मातीत उगवत नाही असे कोणी म्हणू नये. उगवते, आपण ते तण समजून उपटतो.

आता 'रजनी'कडे वळू. १९८५ साली बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका दूरदर्शनवर लागायची. गॅसचे सिलिंडर देताना अडवणूक करणारा माणूस असो, भाडे नाकारणारा टॅक्सीवाला असो, की टोलवाटोलवी करणारा कारकून. रजनी पदर खोचून उभी राहायची आणि त्याला जाब विचारायची. टॅक्सीवाल्यांनी तिच्याविरुद्ध निषेध नोंदवला, यापरते मोठे प्रशस्तिपत्र कोणते? आमच्या गल्लीत तेव्हा मोजके टीव्ही होते. रविवारी सकाळी ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या ओसरीवर जत्रा भरायची. बायाबापड्या टाळ्या वाजवायच्या. मीही वाजवल्या आहेत.

पण पुरुषमंडळीही टाळ्या का वाजवत होती, याचा विचार केला आहे का? रजनी भांडत होती ती बाहेरच्यांशी. गॅसवाल्याशी, रेल्वेशी, सरकारी कचेरीशी. जे भांडण खरे तर घरातल्या पुरुषाने करायचे, ते ती त्याच्या वतीने करत होती, तेही सोज्वळ साडीत आणि कपाळाला कुंकू लावून. घरात आल्यावर ती कोणाला जाब विचारत नव्हती. म्हणून ती सगळ्यांना चालली. अशी बाई कोणाला नको आहे, जी आपल्या घराची रांग मोडू देत नाही आणि घरात आपल्याला चहाही देते? तिच्या कामाला मी तिळमात्र उणे लेखत नाही. पण ज्या धैर्याचे कौतुक करताना आपल्याला स्वतःत काहीच बदलावे लागत नाही, ते कौतुक फार स्वस्त असते.

दहा वर्षांनी, १९९५ साली, झी टीव्हीवर 'हम पाँच' आली. अशोक सराफ हे त्यात माथुर नावाचे गृहस्थ. त्यांना पाच मुली. मुलगा एकही नाही. दुसरी बायको शोमा आनंद. आणि पहिली बायको? ती मेलेली. भिंतीवर तिची तसबीर. त्या तसबिरीत प्रिया तेंडुलकर.

जरा थांबून या योजनेचा विचार करा. आपल्या घरांत बाई तसबिरीत गेली की ती आदर्श होते. जिवंत असताना जिच्या भाजीला नावे ठेवली, तिच्यासारखी भाजी पुन्हा कोणाला जमत नाही. ती आता काही मागत नाही, काही विचारत नाही. पुरुषाच्या दृष्टीने बायकोचे हे सर्वात सोयीचे रूप. आणि ही तसबिरीतली बाई बोलू लागते! नवऱ्याला टोमणे मारते, त्याच्या लटपटी पाहून हसते, त्याची फजिती चालू असताना वरून शेरे देते. त्याला पळता येत नाही, कारण भिंत त्याच्याच घराची आहे. तिला गप्प करता येत नाही, कारण मेलेल्या बाईला आणखी काय करणार?

ज्यांना हे पाणचट वाटले, त्यांनी नटीच्या अंगाने पाहावे. चौकटीत बसल्यावर नटीचे काय काय जाते? चालणे गेले. हातवारे गेले. घसरून पडणे, धावपळ, भांडी आदळणे, म्हणजे हशा मिळवण्याची सगळी मळलेली साधने गेली. उरला तो चेहरा आणि आवाज. समोर अशोक सराफांसारखा माणूस, ज्याच्या नुसत्या गोंधळलेल्या नजरेला हशा पडतो. अशा माणसाच्या तोंडचा हशा संपू द्यायचा, अर्धा क्षण थांबायचे, मग एक वाक्य टाकायचे आणि पुन्हा चित्रासारखे स्थिर व्हायचे. हे जिला जमले, तिला स्थिर राहण्याची विद्या कुठून मिळाली असेल? चेहऱ्याची किती रेघ हलवायची हे तिला कोणी शिकवले असेल? ज्या मॉडेलिंगला आपण नाके मुरडली, तिथेच ही विद्या शिकतात. फरक इतकाच, की जाहिरातीच्या चौकटीत तिने गप्प राहावे म्हणून पैसे मिळत होते, आणि या चौकटीत तिने बोलावे म्हणून लोक वाट पाहत होते.

"पण मालिका उथळच होती," असे कोणी म्हणेल. होय, तिच्यात अचकटपणा होता. प्रत्येक भाग सारखा उतरत नव्हता. लोकांनी कुठे हसायचे हे सांगणारा हशाही ध्वनिफितीवर भरलेला होता. पण तिच्या पोटात काय होते ते पाहा. पाच मुली! आमच्या मुलखात तिसरी मुलगी झाली तरी सुतक पडल्यासारखी माणसे बसतात. महाराष्ट्रात मुलींची नावे 'नकोशी' ठेवली जात होती आणि २०११ साली साताऱ्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे द्यावी लागली, हे काही जुन्या पोथीतले नाही. अशा देशात एका मालिकेने पाच मुलींचे घर दाखवले, आणि त्या घरात रडारड नाही, नवससायास नाहीत, 'वंशाला दिवा' नाही! एक मुलगी पुस्तकात डोके खुपसून बसलेली, एक आरशापुढून न हलणारी, एक तर पोराचे कपडे घालून 'काजल भाई' म्हणून गल्लीत दादागिरी करणारी. छळ होतो तो बापाचा, आणि तोही हसत हसत. सुधारकांच्या शंभर व्याख्यानांनी वडीगोद्रीच्या ओसरीवर जे झाले नसते, ते या उथळ मालिकेने केले. पाच मुलींच्या बापाकडे पाहून लोक हळहळायचे, ते निदान अर्ध्या तासापुरते हसू लागले.

१९९९ साली ही मालिका थांबली. त्याच निर्मातीची 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० साली सुरू झाली. हसणाऱ्या मुली गेल्या, रडणाऱ्या सुना आल्या. पुढची कित्येक वर्षे आपण रोज रात्री त्यांच्याबरोबर रडलो, आणि हे उथळ आहे असे टपरीवरच्या एकाही गृहस्थाने मला सांगितले नाही. बाईचे रडणे आपल्याला गंभीर वाटते आणि हसणे थिल्लर वाटते, याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

आता संस्कृतीचा आक्षेप. "बाईने विनोद करणे आपल्या परंपरेत बसत नाही." परंपरा म्हटली की मला स्फुरण चढते, कारण आमचे गाव दोन परंपरांच्या मधोमध वसले आहे. पश्चिमेला पैठण, नाथांचे. पूर्वेला घनसावंगी तालुक्यातले जांब, समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांनी विनोदाची आवड टवाळाच्या पदरात टाकली, हे प्रत्येक शिस्तप्रिय मास्तरला पाठ असते. पण ज्यांनी मूर्खांची लक्षणे इतकी बारकाईने टिपली त्यांना विनोद कळत नव्हता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आणि नाथांनी तर भारुडात चक्क सुनेच्या तोंडून भवानीला नवस बोलवला. सासरा, सासू, नणंद, एकेकाची सोय लाव, तुला रोडगा वाहीन! सोळाव्या शतकात एका संताला सुनेच्या थट्टेत परमार्थ दिसला. त्यांच्या नावाच्या नाथसागराचे पाणी डाव्या कालव्याने आमच्या मोसंबीला आणि उसाला मिळते. पाणी घेतले, थट्टा मात्र घेतली नाही!

आणि रंगभूमीची परंपरा म्हणाल, तर १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या, तेव्हा पुरुषाने लुगडे नेसण्याची गरज संपायला हवी होती. गंभीर नाटकात ती हळूहळू संपली; विनोदात मात्र आजतागायत टिकून आहे. मराठी रंगभूमीवरची सर्वात लोकप्रिय विनोदी बाई कोण? अत्र्यांच्या नाटकातली मोरूची मावशी; आणि ती बाई नाहीच! विजय चव्हाणांची मावशी मी पाहिली आहे आणि पोट दुखेतो हसले आहे. पण एकट्या मावशीचे कौतुक वेगळे आणि मावश्यांचा कारखाना वेगळा. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'त साड्या नेसलेले पुरुष किती आले ते मोजा. त्या साऱ्या गर्दीत श्रेया बुगडे ही एकटी बाई वर्षानुवर्षे खरी बाई म्हणून उभी राहिली आणि त्या मावश्यांना पुरून उरली. २०१८पासूनच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांनी दाखवून दिले, की बाईला नुसती जागा द्या, हशा ती स्वतः आणते. त्याआधी निर्मिती सावंत यांची गंगूबाई होतीच, आणि चित्रपटांत नायिकेचे देखणेपण सांभाळून धमाल उडवणारी रंजना होती. गुणांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो लिहिणाऱ्यांच्या अकलेचा. अजूनही विनोद सुचला नाही की बाईच्या वजनावर नाहीतर रंगावर कोटी केली जाते, आणि तेही जमले नाही की पुरुषाला साडी नेसवली जाते.

हे सारे मुंबईच्या स्टुडिओतले दुखणे असते तर मी वडीगोद्रीत बसून एवढी शाई खर्च केली नसती. याची मुळे आमच्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये आहेत. या भागातल्या एका शाळेत मी कैक वर्षे शिकवले. गॅदरिंगची वाटणी ठरलेली: मुलींना नाच, मुलांना विनोदी नाटुकली. नाटुकल्यात सासू असते, ती मुलगा करतो. सून असते, तीही मुलगा करतो. आणि खऱ्या मुली भाड्याच्या नऊवारीत पडद्यामागे आपल्या गाण्याची वाट पाहत बसतात. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत एस.टी.च्या कंडक्टरची नक्कल केली. सुट्टे पैसे मागताना त्याचा येणारा आव, मागच्या सीटवरच्या म्हातारीशी होणारी हुज्जत, घंटीची दोरी ओढण्याची ऐट. असे निरीक्षण मी कसलेल्या नटांतही थोडेच पाहिले आहे. वर्ग हसून लोळत होता. मी तिचे नाव नाटुकल्यासाठी पुढे केले. बैठकीत एक वडीलधारे म्हणाले, "बाई, पोरीच्या जातीला असलं बरं दिसत नाही. उद्या तिच्या सोयरिकीला लोक काय म्हणतील?" मी भांडले, आणि हरले. ती मुलगी नाचात मागच्या रांगेत उभी राहिली. पुढच्या वर्षी तिची सोयरीक झाली, आणि ज्या लोकांच्या म्हणण्याची एवढी काळजी होती, त्यांपैकी एकानेही मुलीचे वय विचारले नाही.

माझा राग आहे तो इथे. हसवणे ही चैन नाही. जो दुसऱ्याला हसवतो त्याने आधी त्या माणसाला नीट पाहिलेले असते. त्याची ऐट कुठे पोकळ आहे हे त्याला कळलेले असते. म्हणून विनोद करणाऱ्या मुलीची भीती वाटते. नाचणारी मुलगी आपण पाहतो. नक्कल करणारी मुलगी आपल्याला पाहत असते. हे घरातल्या कर्त्या पुरुषांना चांगले कळते. ते उगाच नाही दरडावत, "दात काढू नकोस!" हसेल त्याचे दात दिसतील, ही म्हण आपण मुलींनाच का ऐकवतो, याचे उत्तर त्यात आहे.

प्रिया तेंडुलकर १९ सप्टेंबर २००२ रोजी गेली. वय अवघे सत्तेचाळीस. तिने कथा लिहिल्या, 'पंचतारांकित' लिहिले, टेलिव्हिजनवर स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम चालवला आणि मोठमोठ्यांना अडचणीचे प्रश्न विचारले. आता तिची खरीखुरी तसबीर झाली, आणि आपण नेहमीप्रमाणे तिला सोयीची करून टाकली. 'रजनी' तेवढी ठेवली, बाकीची पुसली. तिने आयुष्यात जे एकदा चौकटीत बसून खोटे पाडले, तेच आपण तिच्याबाबत पुन्हा खरे करतो आहोत. हे मला मान्य नाही.

मग करायचे काय? सभा नको, ठराव नको. गॅदरिंगचे दिवस जवळ आले आहेत. यंदा सासूचे काम मुलीला द्या, आणि संहिताही तिलाच लिहू द्या. लेखकांनो, बाईच्या वजनावरची एक कोटी खोडा आणि तिथे तिची एखादी अक्कल लिहा. सुरुवातीला जड जाईल, पण सवय होते. संपादकांनो, मुखपृष्ठावरच्या बाईच्या हाती पणती राहू द्या, पण कधीतरी तिला मोठ्याने हसताना काढा. दात दिसले तर अंकाची विक्री कमी होणार नाही!

आणि गृहस्थहो, तुमच्यासाठी एवढेच. या दिवाळीत चकल्या तळताना स्वयंपाकघरातून हसण्याचा मोठा आवाज आला, तर "काय चाललंय?" म्हणून बाहेरून ओरडू नका. आत जा, पाटावर बसा, निमूट ऐका. बहुतेक तुमचीच नक्कल चालली असेल.